तोडलेल्या तारेची साक्ष

सर्किटचा फ्यूज काढून खिशात ठेवलेला, तारेची दोन्ही टोके मोकळी करून एकमेकांपासून दूर वळवलेली, आणि तरीही मल्टिमीटरच्या पडद्यावर नव्वद-पंचाण्णव व्होल्टांचा आकडा स्थिर उभा, हा प्रसंग ज्याच्यावर गुदरला नाही असा वायरमन जालना जिल्ह्यात शोधूनही सापडायचा नाही. जुन्या जालन्यातील वाड्यांत, जिथे लाकडी पट्ट्यांवरचे वायरिंग काढून पाइपात नव्या तारांची गर्दी केलेली आहे, आणि औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलच्या लांबलचक शेडांत, जिथे डझनावारी तारा एकाच ट्रेवरून धावतात, तिथे तर तो नित्याचाच आहे. स्विच बंद करूनही रात्रभर मिणमिणणारा घरातला एलईडी दिवा पुष्कळदा याच गोष्टीचा दाखला देत असतो.

याचे कारण तारेच्या जोडणीत नसून तिच्या शेजारात आहे. एका पाइपातून जिवंत फेज आणि मोकळी तार तीसएक मीटर सोबतीने गेल्या, की दोन तांब्यांमधले प्लास्टिकचे आवरण कॅपॅसिटरचे कार्य करू लागते. सेकंदाला ५० आवर्तने घेणारा आपला २३० व्होल्टांचा प्रवाह त्या आवरणातून, सुमारे दहा लाख ओहमांचा अडसर ओलांडल्याप्रमाणे, अत्यल्प प्रमाणात पलीकडे पोहोचतो. हे प्रमाण एका मिलिअँपिअरच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक नसते, आणि साठ वॅटच्या साध्या बल्बला याच्या सुमारे हजारपट प्रवाह लागतो. परंतु आजच्या डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध एक कोटी ओहमांच्या आसपास असल्यामुळे तारेवरचा दाब मोजताना ते तिच्याकडून जवळजवळ काहीच घेत नाही. साहजिकच जो दाब कोणतेही काम करण्यास असमर्थ आहे तोही त्याच्या पडद्यावर ऐटीत उमटतो. काट्याच्या जुन्या मीटरला, १९२३ साली बाजारात आलेल्या त्या भारदस्त अ‍ॅव्होमीटरलासुद्धा, काटा हलवण्यापुरता प्रवाह तारेकडून घ्यावाच लागे, म्हणून आमच्या वडीलधाऱ्या कारागिरांना हा आभासी दाब क्वचितच, आणि तोही क्षीण होऊन, दिसत असे.

मीटरवर खोटेपणाचा आरोप करणे मला मुळीच रुचत नाही. त्याला विचारले तेवढ्याचेच उत्तर त्याने दिलेले असते, आणि साक्षीदाराचा पहिला जबाब नोंदवून जसा खटला निकालात काढीत नाहीत, तसा पडद्यावरचा पहिला आकडा वाचून निवाडा करू नये. त्याची शहानिशा करावी. ती करण्याचे आमचे साधन अगदी साधे आहे: दोन होल्डर, साठ वॅटचे दोन बल्ब, एकामागोमाग एक सिरीजमध्ये जोडलेले, कारण चुकून दोन फेजांवर लागले तर ४१५ व्होल्ट एका बल्बला पेलणार नाहीत. मीटरची टोके तारेवर तशीच ठेवून शेजारी हा टेस्ट लॅम्प टेकवला की, दाब आभासी असेल तर, नव्वदचा आकडा डोळ्यांदेखत शून्याजवळ कोसळतो आणि बल्बची तार लालसरही होत नाही. सुमारे तीन हजार ओहम रोधाची मीटरेही आता मिळतात. त्यांच्यावर हाच दाब व्होल्टभरही उरत नाही. मात्र साधन कोणतेही असो, ते तपासणीपूर्वी आणि तपासणीनंतरही एका निश्चित जिवंत जागेवर लावून त्याची खातरजमा केलीच पाहिजे. मधल्या काळात बल्ब उडालेला असेल तर त्याच्या काळोखावर जीव हवाली करण्यात काय अर्थ आहे?

हे इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण असे की, "अहो, हा नुसता शेजारचा दाब आहे, काही होत नाही," हे वाक्य आमच्या व्यवसायात फार सहज उच्चारले जाते. बदनापूर-भोकरदनकडच्या शिवारात तीन फेजांपैकी एक गेलेला असतानाही पिकाला पाणी मिळावे म्हणून शेतकरी कॅपॅसिटर लावून पंप चालवतात. पाण्याची निकड ज्याने पाहिली आहे त्याला त्यांना दोष देववत नाही. परंतु अशा वेळी गेलेल्या फेजवर मोटरच्या वायंडिंगमधून दाब परत चढतो, आणि तो आभासी नसून भाराखाली टिकणारा, माणसाला जागीच धरून ठेवणारा दाब असतो. चुकीच्या पद्धतीने जोडलेला इन्व्हर्टर किंवा जनरेटरही हेच करतो. मीटरच्या पडद्यावर दोन्ही आकडे सारखेच दिसतात. त्यांतला भेद भार टाकल्याखेरीज कोणाही जाणत्याला नुसत्या नजरेने ओळखता येणार नाही.

उच्चदाबाच्या तारमार्गावर तर माझे हे विवेचनही अपुरे पडते. समांतर जाणाऱ्या १३२ केव्ही वाहिनीच्या सान्निध्यात, दोन्हीकडून तोडलेल्या लाइनवरही काही हजार व्होल्ट चढू शकतात, आणि लांबी मैलांची असल्यामुळे तिथला प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशावर थांबत नाही. तिथे शेजारचा दाब हाच प्राणघातक दाब होतो. म्हणून परमिट हातात आले तरी, लाइन मृत असल्याची तपासणी करून, कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थ रॉड लावल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. रॉड लावताना क्लॅम्प आधी जमिनीतल्या अर्थिंगला बसवायचा आणि मग इन्सुलेटेड काठीने तारेला टेकवायचा; काढताना आधी तारेचा सोडवायचा, नंतर जमिनीचा. सगळी माणसे खाली उतरल्याची आणि सगळे रॉड निघाल्याची मोजदाद झाल्यावरच परमिट परत करायचे.