वारसा कुणाचा? जुहूची धावपट्टी आणि कोंडिवट्याची लेणी

आमचा एक मित्र शिकायला स्कॉटलंडला गेला आहे. मागच्या महिन्यात त्याने फॉल्कर्क नावाच्या गावातून फोटो पाठवले. गाव कालव्याकाठचे. 'फोर्थ अँड क्लाइड' हा कालवा १७९० मध्ये पूर्ण झाला. त्यातून मालाच्या होड्या जायच्या आणि काठावरून चालणारे घोडे त्या ओढायचे. त्या राबणाऱ्या घोड्यांची आठवण म्हणून तिथे २०१३ मध्ये घोड्यांची दोन पोलादी शिरे उभी केली, प्रत्येकी सुमारे ३० मीटर उंच. मित्राने खाली एकच ओळ लिहिली होती : "इथे ओझं ओढणाऱ्या घोड्यांचंही स्मारक आहे."

ती ओळ आमच्या डोक्यातून जाईना. आमची अभ्यासिका जुहूजवळ, इर्ला नाल्याच्या काठच्या वस्तीत भरते. आमचा 'कालवा' म्हणाल तर हाच. २६ जुलै २००५ ला त्याचे पाणी घरात शिरले, तेव्हा आम्ही पुस्तके डोक्यावर घेऊन उभे होतो. या नाल्याकाठी वाढलेल्या मुलांना आपल्या भागाचा वारसा दाखवावा, असे आम्ही ठरवले. एका रविवारी सकाळी चौदा मुलेमुली घेऊन निघालो.

पहिला थांबा जुहू विमानतळ. १९२८ मध्ये सुरू झालेला हा देशातला पहिला नागरी विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन, एकट्याने विमान चालवत इथेच उतरले. आज इथून हेलिकॉप्टर उडतात. कुंपणाबाहेर उभे राहून आम्ही हे सांगत होतो, तेवढ्यात अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, विमान कुणी उतरवलं ते कळलं. जमीन सपाट कुणी केली?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. समाजशास्त्रात एम. ए. केले, पण हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता.

पुढे समुद्राकडे गेलो. १९२४ च्या मार्च महिन्यात, तुरुंगातून सुटल्यावर, अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर गांधीजी विश्रांतीसाठी जुहूला आले होते. ही गोष्ट इथल्या इतिहासात हमखास सांगितली जाते. मुलांना आम्ही त्याच महिन्यातली दुसरी गोष्ट सांगितली. ९ मार्च १९२४ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या प्रश्नावर सभा बोलावली आणि त्यातून २० जुलैला 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापन झाली. एकच शहर, एकच महिना. एक तारीख सगळ्यांना माहीत असते, दुसरी आपल्यालाच आपल्या पोरांना सांगावी लागते. इतिहासाची पाने कोण निवडतो, हे समजायला एवढे उदाहरण पुरे आहे.

किनाऱ्यालगतच्या एका मोठ्या हॉटेलासमोर तीच मुलगी पुन्हा थांबली. "माझ्या आजीने याच्या पायाला घमेली वाहिलीत," ती म्हणाली. आजी १९७२ च्या दुष्काळात जालन्याकडून मुंबईला आली आणि मिळेल त्या बांधकामावर उभी राहिली. मुलीने फोटो काढायला मोबाइल वर केला, तर रखवालदार धावत आला. "इथे काय काम आहे? पुढे चला." तोही आपल्यासारख्याच घरातला असणार, त्याच्यावर राग धरून उपयोग नाही. पण जिच्या आजीने पाया भरला, तिला त्या इमारतीचा फोटोही काढता येऊ नये? मुलगी काही बोलली नाही. मोबाइल खिशात ठेवून चालू लागली.

दुपारी बस पकडून अंधेरी पूर्वेला कोंडिवट्याच्या लेण्यांवर पोहोचलो. लोक त्यांना 'महाकाली लेणी' म्हणतात. जवळच्या महाकालीच्या देवळावरून हे नाव पडले आणि रस्त्यालाही तेच चिकटले. प्रत्यक्षात ही बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून सहाव्या शतकापर्यंत खोदलेली, संख्येने एकोणीस. नऊ क्रमांकाचे लेणे म्हणजे चैत्यगृह. आत गोल दालन, दालनाला दगडात कोरलेल्या जाळ्या आणि मधोमध स्तूप. बाजूच्या भिंतीवर नंतरच्या काळातल्या, आता भंगलेल्या बुद्धमूर्ती. मुले आपोआप शांत झाली. कुणी तरी हळू आवाजात त्रिशरण म्हणायला सुरुवात केली आणि दगडी घुमटात आवाज भरून राहिला.

या लेण्यात ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. गौतम गोत्राच्या पित्तिंब नावाच्या ब्राह्मणाने भावासह विहार दान दिल्याची नोंद त्यात आहे. हे सांगताच एक मुलगा उसळला. "दान देणारा ब्राह्मण? मग हे आपलं कसं?"

आम्ही ही माहिती गाळू शकलो असतो. पण सोयीचा इतिहास सांगायचा तर आपल्यात आणि लेण्याचे नाव बदलणाऱ्यांत फरक काय राहिला? आम्ही म्हणालो, धम्म जन्मावर चालत नाही. जो शरण आला, ज्याने दान दिले, तो संघाचा. हा वारसा रक्ताने नव्हे, विचाराने आपला आहे.

मुलगा गप्प झाला. आजीवाली मुलगी मात्र लेखाच्या दिशेने बघत म्हणाली, "दान देणाऱ्याचं नाव आहे. छिन्नी चालवणाऱ्याचं?"

ते नाव लेखात नाही. खडक फोडणारे, राडारोडा वाहून नेणारे, त्यांना पाणी पाजणारे यांतल्या कुणाचेच नाही. विमानतळाला लावला तोच प्रश्न आपल्या लेण्यालाही लावला पाहिजे, हे त्या पोरीने आम्हाला शिकवले. आपले म्हणून सूट नाही.

मित्रांनो, लेण्यांवर आपण जयंतीला जातो, सेल्फी काढतो, परत येतो. तेवढ्याने वारसा टिकत नाही. संविधानाच्या कलम ४९ ने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. त्या जबाबदारीची आठवण करून देणे आपले काम आहे. ब्राह्मी शिका. आधी 'कोंडिवट्याची बौद्ध लेणी' म्हणा, मग लागलेच तर दुसरे नाव घ्या. तिथे कचरा टाकणाऱ्याला हटकताना आपला पोरगा असला तरी हटका.

आणि दुसरे काम वस्तीत आहे. ज्यांनी ही मुंबई उभी केली ते आजीआजोबा अजून आपल्यात आहेत. दर वर्षी त्यातले काही जातात आणि त्यांच्याबरोबर एकेका इमारतीची, पुलाची, रस्त्याची हकिगत जाते. आम्ही अभ्यासिकेत एक वही ठेवली आहे. कोण कुठून आले, कुठल्या साली, काय बांधले, मजुरी किती मिळाली, मुकादम कसा वागला, हे मुले विचारून लिहितात. पहिल्या पानावर जालन्याच्या त्या आजीचे नाव आहे. तिला लिहिता येत नाही. नातीने वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "एवढंच व्हय? अजून सांगते, लिही."

तुमच्या वस्तीतही अशी वही सुरू करा. येत्या रविवारीच करा.

जय भीम!