लाटांवरचे भाऊ, आणि मी

2007 साली सिडनीतल्या एका मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात मी मरूब्रावर लेख लिहिला होता. ‘लाटांवरचे भाऊ’ असं शीर्षक. लोकांना आवडला. दोन-चार फोन आले, एका गृहस्थांनी पाठ थोपटली. तो अंक अजून घरात आहे, पण आल्यागेल्याच्या हाती लागणार नाही अशा जागी. लेखातली माहिती बरीचशी बरोबर होती. मी जे गाळलं आणि जिथे स्वतःला जरा बऱ्या कोनातून उभं केलं, तिथे तो खोटा आहे.

मरूब्रा हे शहराच्या मध्यापासून दहाएक किलोमीटरवरचं, आग्नेयेकडचं किनारी उपनगर. बाँडाय पोस्टकार्डांवर असतं, मरूब्रा नसतं. दक्षिणेला लाँग बेचा तुरुंग, 1909 पासूनचा. तो ज्या उपनगरात आहे ते मलबार. (हो, आपलंच नाव. 1931 मध्ये त्या खडकांवर ‘मलबार’ नावाचं जहाज फुटलं, त्यावरून पडलेलं.) या मलबारला शहराचं सांडपाणी कड्याच्या पायथ्याशीच समुद्रात सोडत. 1990 मध्ये ते बोगद्यातून खोल समुद्रात न्यायला लागले. तोवर मरूब्राची पोरं त्याच पाण्यात लाटा धरत मोठी झाली. दक्षिण मरूब्रात सरकारी घरांची वस्ती आहे. मी 2004 मध्ये शिकायला आलो आणि तिच्या जवळच खोली घेतली, कारण तिथलं भाडं परवडत होतं. लेखात मात्र मी लिहिलं, ‘मला समुद्राने ओढून नेलं.’

ब्रा बॉईज ही इथल्या सर्फर पोरांची टोळी, 1990च्या दशकातली. नाव उपनगराच्या नावाच्या शेपटातून आलेलं. ते छापताना आमच्या संपादक काकूंची पंचाईत झाली होती, ती वेगळी गोष्ट. अंगावर 2035 हा पिनकोड गोंदवलेला. सनी, जाय, कोबी आणि डकोटा हे ॲबर्टन भाऊ त्यातले सगळ्यांत गाजलेले. आई हेरॉइनच्या आहारी गेलेली, त्यामुळे पोरांना आजीने आधार दिला, आणि ज्यांच्या घरात मारहाण किंवा दारू होती अशा इतर पोरांनाही तिचं दार उघडं होतं. कोबीच्या अंगावर ठळक अक्षरांत गोंदलंय : माय ब्रदर्स कीपर.

हे वाचलं-ऐकलं आणि मी विरघळलो. मी दादरच्या चाळीतला. आमच्या चाळीच्या गणेश मंडळाची पोरं मला आठवली : रात्री दोन वाजता टॅक्सी थांबवून कुणाच्या आजीला केईएमला घेऊन जाणारी. लेखात ही तुलना मी चांगली रंगवली. वर्गणीचा आकडा कमी वाटला की दुकानदाराच्या पायरीवर मुकाट्याने बसून राहणारी पोरंही तीच होती, हे मला पक्कं माहीत होतं. माझे काका दुकानदार होते. ते लिहिलं नाही.

आता पाण्यातली गोष्ट. सर्फिंगमध्ये एक मूलभूत नियम आहे : लाट जिथे फुटायला लागते त्या टोकाच्या सगळ्यांत जवळ जो असेल, लाट त्याची. तो उभा राहिल्यावर पुढून दुसऱ्याने त्याच लाटेवर उतरणं म्हणजे ‘ड्रॉप इन’. यात उद्धटपणा तर आहेच, पण बोर्डाची कड आणि खालचे फिन लागून माणूस जबर जखमी होऊ शकतो. शिवाजी पार्कच्या तलावात पोहायला शिकलेल्या मला लाटांचं हे रांगेचं शास्त्र ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायची गरजही वाटली नव्हती. सेकंडहँड बोर्ड घेतला, वेटसूट उलटा घातला (चेन मागे असते), आणि थेट जिथे सगळे बसले होते तिथे हात मारत गेलो. एका लाटेवर कसाबसा उभा राहिलो आणि मागून आलेल्या माणसाच्या बोर्डावर माझा बोर्ड आदळला. त्याच्या बोर्डाला खड्डा पडला.

लेखात मी याचं असं केलं : ‘त्याने मला बाजूला घेतलं आणि थोरल्या भावासारखं रागावत समुद्राची शिस्त शिकवली.’

घडलं ते असं. तो पाण्यातच ओरडला, बाहेर हो. आजूबाजूचे कुणी काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. मी बाहेर झालो. गाड्या लावतात तिथे तो परत आला, माझ्या बोर्डाच्या दोरीकडे बोट दाखवून म्हणाला, “नेक्स्ट टाइम आय कट इट, मेट.” दोरी पायाला बांधलेली असते. तुटली तर बोर्ड जातो, आणि माझ्यासारख्याला त्या ओढीतून किनारा गाठणं मुश्कील. मी दोनदा सॉरी म्हणालो. बोर्डाच्या दुरुस्तीचे पैसे देतो असं म्हणायला हवं होतं, ते सुचलं नाही, की खिशाचा विचार आधी आला, आता सांगता येत नाही. नंतर बरेच दिवस मी बीचच्या रस्त्यानेच जात नसे. तो टोळीतला होता का, हेही मी कधी विचारलं नाही. प्लंबर होता, त्याच्या व्हॅनवर लिहिलेलं होतं. पण लेखात मी तो टोळीतला असल्याचं सुचवलं, कारण त्याने गोष्टीला वजन येत होतं.

डिसेंबर 2005. क्रोनलाच्या किनाऱ्यावर 11 तारखेला हजारोंचा जमाव जमला आणि ‘लेबनीज’ दिसणाऱ्या कुणालाही धरून मारायला लागला. आठवडाभर आधी तिथल्या जीवरक्षकांना मारहाण झाली होती, ते निमित्त. मोबाइलवरच्या मेसेजांनी बाकीचं काम केलं. त्या रात्री सूड म्हणून दुसऱ्या बाजूच्या गाड्यांचे ताफे निघाले ते मरूब्रातही आले. रस्त्यावर लावलेल्या मोटारींच्या काचांचा चुरा झाला. पुढे ब्रा बॉईजच्या लोकांनी लेबनीज समाजातल्या मंडळींशी बोलणी केली, शांततेचं आवाहन केलं. त्यांच्यात निरनिराळ्या वंशांची पोरं होती, त्यामुळे त्या आवाहनाला अर्थही होता. यावर मी लेखात एक अख्खा परिच्छेद खर्च केला.

ताफे आले त्याच रात्री माझा रूममेट, नागपूरचा, कामावरून उशिरा परतत होता. बसस्टॉपवरून त्याचा फोन आला : “भाऊ, घ्यायला ये ना, इकडं काही बरोबर वाटून नाही राह्यलं.” त्या रात्री सावळ्या चेहऱ्याचा माणूस कुणालाही कुणाच्याही बाजूचा वाटला असता. मी खिडकीचा पडदा बाजूला करून पाहिलं. लांबून काच फुटल्याचा आवाज आला. मी म्हणालो, “पळत ये, मी दार उघडं ठेवतो.” तो आला, काही झालं नाही. दारही मी उघडं ठेवलं नव्हतं. त्याने ठोठावल्यावर, आधी आवाज ओळखून, मग उघडलं. दोन वर्षांनी लेख छापून आला तेव्हा त्याने तो संपूर्ण वाचला. भाऊपणावरचा लेख. “मस्त लिवलं बे,” एवढंच म्हणाला. तो खोचक माणूस नव्हे, म्हणून ते जास्त लागलं.

लेख लिहायला निमित्त झालं ‘ब्रा बॉईज’ या माहितीपटाचं. 2007 मध्येच तो आला, निवेदन रसेल क्रोचं. दिग्दर्शन सनी ॲबर्टन आणि मॅकारिओ डिसूझा यांचं, म्हणजे घरच्यांनीच सांगितलेली घरची गोष्ट. हे मला थिएटरमध्ये कळत होतं. पण पडद्यावर मी रोज जातो तो रस्ता, तोच बसस्टॉप! मी डोळे भरून पाहिला.

लेखात मी जे गाळलं ते हे : ऑगस्ट 2003 मध्ये अँथनी हाइन्स नावाच्या माणसाला गोळी लागली आणि त्याचा मृतदेह मरूब्राच्या कड्यावरून खाली समुद्राकडे टाकला गेला. खुनाचा खटला जाय ॲबर्टनवर चालला. त्याने स्वसंरक्षणासाठी गोळी झाडल्याचा बचाव मांडला, आणि 2005 मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवलं. भावाला वाचवण्याच्या नादात तपासाची दिशाभूल केल्याबद्दल कोबीला 2006 मध्ये नऊ महिन्यांची शिक्षा झाली, ती स्थगित ठेवली गेली. हे सगळं मला माहीत होतं. लेखात मी लिहिलं : ‘भावासाठी भाऊ कोर्टाची पायरीही चढला.’ बस. ती पायरी का चढावी लागली, यावर अक्षर नाही.

मंडळाच्या अंकाचं काम बघणाऱ्या काकू मूळच्या पुण्याच्या, इथे इमर्जन्सी वॉर्डात नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी हस्तलिखित परत केलं तेव्हा शुद्धलेखनाच्या खुणांबरोबर समासात एक प्रश्नचिन्ह होतं. मी फोन केला.

“लेख बरा जमलाय रे. पण मेलेला माणूस कुठाय यात?”

“काकू, तो काही साधासुधा माणूस नव्हता. धमकावून पैसे उकळणारा गुंड होता.”

“असं होय. मग त्याच्या घरी कुणी नसेल.”

मी गप्प. त्या पुढे म्हणाल्या, “छापते मी. नाव तुझं आहे, माझं नाही.” दुरुस्तीला दोन दिवस होते. मी तेवढ्या वेळात शीर्षकाचा टाइप मोठा करता येईल का, हे विचारायला पुन्हा फोन केला होता.

नंतरच्या वर्षांत मला सर्फिंग येऊ लागलं. नियम कळले. वाऱ्याची दिशा पाहून घराबाहेर पडायचं, फेसाळलेल्या पाण्याच्या मधला गुळगुळीत पट्टा म्हणजे समुद्राची ओढ, ती वापरून आत कसं जायचं, हे सगळं. तो प्लंबरही पाण्यात दिसायचा. ओळख दाखवायचा नाही, हाकलायचाही नाही. मान हलवेल म्हणून मी वाट पाहायचो. असं वाट पाहण्यात वर्षं गेली, म्हटलं तर हसू येतं, पण तसं झालं खरं.

एका सकाळी भाड्याचा निळा फोम बोर्ड घेतलेला एक पोरगा आमच्या रांगेत घुसला. चेहऱ्यावरून आपल्याकडचा, विद्यार्थी असावा. मी लाटेवर उभा होतो आणि तो पुढ्यात उतरला. धडक झाली नाही, मला नुसतं बाजूला व्हावं लागलं. मी त्याच्याजवळ जाऊन ओरडलो. काय ओरडलो ते छापण्याजोगं नाही, शेवट ‘गो टू बाँडाय’ असा होता. उच्चारही माझा नव्हता, इथला, ऐकून ऐकून घोटवलेला. पोरगा सॉरी सॉरी म्हणत किनाऱ्याकडे निघाला, बोर्डावर पालथा पडून, पाय वाकडे टाकत.

प्लंबर हसला. “गुड ऑन या,” म्हणाला. मान हलवली.

त्या दिवशी मी कमालीचा खूश होतो. ऑफिसात केक नेला. कारण विचारलं तर वाढदिवस असल्याचं सांगितलं.

पुढच्या महिन्यात सुपरमार्केटच्या काउंटरवर तोच पोरगा होता. त्याने मला ओळखलं. “हाऊ आर यू टुडे, सर,” असं ठरलेलं वाक्य म्हणाला आणि मग दूध, कांदे, पाव भराभर पुढे सरकवत राहिला. माझ्यामागे कुणी उभं नव्हतं, बोलायला वेळ होता. मी कार्ड टेकवलं, पिशवी उचलली आणि निघालो. त्यानंतर त्या दुकानात मी आपलं आपण बिल करायच्या यंत्राकडे जायला लागलो. बीचवर तो पुन्हा येतो का, हे मात्र काही दिवस पाहत होतो, आणि येऊ नये असंच मनात होतं.