बाटलीतलं आणि वाटणातलं

डिचोली, गोवा

चि. मृणाल,


तू पाठवलेले दोन्ही फोटो मोठे करून, चष्मा लावून वाचले. एक टोमॅटोच्या पास्ता सॉसची बाटली, दुसरी तयार शाकुतीची पेस्ट. यातलं काय ठेवू आणि काय टाकू, असं विचारलं आहेस. आणि खाली लिहिलंस की बाटलीचं झाकण फिरवताना आजीचा चेहरा डोळ्यांपुढे येतो आणि अपराधी वाटतं. त्या वाक्यामुळेच फोन न करता पत्र लिहायला बसले आहे.

आजीला मधे आणू नकोस. तुझ्या आजीने आयुष्यभर बरण्या भरल्या. पेडण्याच्या आपल्या घरात मे महिना म्हणजे पुरुमेंताचा महिना. पाऊस लागला की होडी दर्यात जाणार नाही, बाजार भरेल न भरेल, म्हणून चार महिन्यांचं सगळं आधी घरात यायला हवं. आगरवाड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ, त्या मिठात बुडवलेल्या कैऱ्या, उन्हात वाळवलेली सोलं, आगळाच्या बाटल्या, मीठ लावून वळलेले चिंचेचे गोळे, सुके बांगडे, सुकी सुंगटं, हरमलची मिरची. माळ्यावर चढायला शिडी लागायची आणि वर पाय ठेवायला जागा नसायची. तयार करून ठेवलेलं अन्न कमी दर्जाचं, असं तिने कधीच मानलं नाही. तिला फक्त एक गोष्ट पक्की ठाऊक होती, कुठली वस्तू टिकते आणि कुठली टिकत नाही. घरचं की विकतचं, हा प्रश्न तिच्या मते पुढचा.

टिकण्याची जुनी मुख्य कारणं चार: आंबटपणा, मीठ, कोरडेपणा आणि त्यांच्या जोडीला भरपूर तेल. आजीच्या माळ्यावरची प्रत्येक वस्तू यातल्या एखाद्या तरी आधारावर उभी होती. पाचवा आधार माणसाने दोनशे वर्षांपूर्वी शोधला. निकोला अपेर नावाच्या फ्रेंच मिठाईवाल्याने अन्न काचेच्या बाटलीत भरून, बूच घट्ट लावून, बाटली उकळत्या पाण्यात ठेवली, आणि अन्न महिनोन्‌महिने चांगलं राहिलं. १८१० मध्ये फ्रेंच सरकारने त्याला बारा हजार फ्रँक दिले. ते का टिकतं हे त्यालाही माहीत नव्हतं. ते पाश्चरच्या संशोधनातून पुढे कळलं. तुझ्या दोन्ही बाटल्या त्याच अपेरच्या वारसदार. पण दोघींच्या आतला माल सारखा नाही, आणि माझं उत्तर त्यावर ठरतं.

टोमॅटो आंबट. आंबटपणा मोजायचा जो पीएच असतो तो ४.६ च्या खाली असला, की बंद बाटलीतला सगळ्यांत घातक जंतू, बॉट्युलिझमचा, वाढू शकत नाही. टोमॅटो बहुतेक वेळा त्या रेषेच्या किंचित खाली असतो, आणि कारखान्यात थोडं सायट्रिक आम्ल घालून तो नक्की खाली आणतात. मग त्याला फार तापवावं लागत नाही, चव जवळपास जागेवर राहते. शिवाय चांगल्या सॉसचा टोमॅटो वेलीवर पूर्ण पिकल्यावर तोडून लगेच शिजवलेला असतो. आपल्याकडे बेळगावहून घाट उतरून येतो तो टोमॅटो प्रवास सोसावा म्हणून कच्चाच खुडलेला, जाड सालीचा, आतून पाणचट. २०२३ च्या पावसाळ्यात तर त्याचे भाव शंभरीच्या किती वर गेले होते ते तू विसरली नसशील. अशा दिवसांत बाटलीतला सॉस घरच्यापेक्षा चांगला आणि स्वस्तही असू शकतो. तुझ्या छोट्या ओजसला पास्ता आवडतो ना, मग खुशाल कर. तुझ्या बाटलीवर घटकांत पहिलं नाव टोमॅटोचं आहे, आणि आपल्याकडे नियमच असा की जे वजनाने जास्त ते आधी छापायचं. दुसऱ्या-तिसऱ्या जागी साखर किंवा पाणी आलं असतं तर मी नको म्हटलं असतं. एक मात्र कर. १०० ग्रॅममागे सोडियम किती मिलिग्रॅम ते बघ आणि अडीचने गुण, म्हणजे मीठ कळेल. मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ओजसला त्याहूनही कमी. सॉस असेल त्या दिवशी पास्त्याच्या पाण्यात मीठ घालू नकोस, म्हणजे हिशेब जुळेल.

घरी करायचाच असेल तर पावसाळा सोडून कर. तेलात ठेचलेली लसूण, मग चिरलेले पिकलेले टोमॅटो, मीठ, हरमलची अर्धी मिरची, आणि मंद आचेवर तेल कडेला सुटेपर्यंत ठेव. उरलेला फ्रीजरमध्ये. पण घरी बाटल्या भरून फडताळात ठेवण्याच्या भानगडीत पडू नकोस. इंटरनेटवर बघून हल्ली पुष्कळ जण भरतात. घरातल्या टोमॅटोचा आंबटपणा कोण मोजतो? आणि लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवणं तर मुळीच नको. लसूण आंबट नाही, वर तेलाखाली तिला हवा लागत नाही. त्या जंतूला हवं ते सगळं तिथे मिळतं.

आता शाकुती. इथे मी तुला सरळ सांगते, ती बाटली देऊन टाक.

तिच्या लेबलवर पहिलं तेल, मग कांदा, मग मीठ. नारळ कितव्या जागी आहे पाहिलंस? धने आणि मिरची यांच्याही मागे, आणि तोही सुका. शाकुतीचा जन्म हरमलचा, असं आपल्या पेडण्यात सगळे सांगतात आणि मीही त्याच मताची आहे. पण जन्म कुठलाही असो, शाकुती म्हणजे भाजलेला नारळ. खसखस, धने, बादयान, जायफळ, मिरी, लवंग हे त्याच्या मागून येतात. नारळ कढईत किती तांबूस झाला यावर रश्शाचा रंग, दाटपणा, गोडसर खोलपणा, सगळं ठरतं. भाजताना त्याचा वास पांढऱ्या नारळाच्या गोडपणातून हळूहळू सुक्या मेव्यासारखा होतो आणि तिथून पुढे क्षणात करपतो. तो क्षण आधी ओळखणं म्हणजेच शाकुती येणं.

आणि नारळ आपल्या चार आधारांपैकी एकावरही उभा नाही. तो आंबट नाही. नारळाच्या दुधाचा पीएच सहाच्या आसपास. तो खारट नाही, ओला आहे, आणि त्यातलं तेल हवा लागली की खवट होतं. चैत्रातल्या उकाड्यात सकाळी खवलेला नारळ दुपारी आंबूस वास मारतो. तो बाटलीत टिकवायचा तर उकळत्या पाण्याहून जास्त उष्णतेवर दाबाखाली तापवावा लागतो, नाहीतर मीठ, आम्ल आणि तेल त्याच्यावर लादावं लागतं. तापवून डबाबंद केलेलं नारळाचं दूध मिळतं, अडीअडचणीला मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्याची सोलकढी करून बघ, लगेच कळेल काय गेलं ते. भुकटी घेणार असशील तर लेबल वाच, काहींमध्ये दुधातलं केसिनेट असतं.

आपल्या लोकांनी हे ओळखूनच सगळा स्वयंपाक बसवला आहे. टिकणारं ते माळ्यावर, न टिकणारं ते रोज सकाळी रगड्यावर. आणि उरलेल्या हुमणालाही, म्हणजे माशाच्या आमटीलाही, जास्तीत जास्त एक रात्र. ते रात्री उकळून मातीच्या कुंडल्यात ठेवायचं, सकाळी पुन्हा मंद आचेवर आटवून दाट करायचं, ती कालची कढी. पेजेबरोबर ती खाताना नारळाच्या रश्शाला दिलेली सगळी मुदत संपते. अजून इथे डिचोलीत कुंभारांच्या हातची तांबडी भांडी मिळतात. तुझ्या गॅसवर चालेल असं एक बघून ठेवलं आहे.

आपल्याकडे आंबटाला सोलं का, चिंच का, हे इतिहासातून कळतं. पेडणे महाल पोर्तुगिजांच्या हाती गेला तो १७८८ मध्ये. तोवर तो सावंतवाडीकरांचा होता. जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी आधीच घेतलेल्या भागातल्या, ख्रिस्ती घरांत माडाच्या विनागरावर (व्हिनेगरवर) जो स्वयंपाक वाढला, त्यातून रेशाद मसाला आला. आपल्याकडे आंबटाला सोलं, चिंच, कैरी. विनागर घरात फार उशिरा शिरला. पण रेशाद बाटलीत ठेवायला एकदम योग्य. लाल मिरची, लसूण, जिरं, मिरी आणि विनागर, नारळ त्यात नाहीच. त्याच्या मूळ कृतीतच टिकण्याची सोय आहे. बांगड्यात भरायला घरगुती रेशाद विकत घे, काही हरकत नाही. शाकुती आणि रेशाद दुकानात एकाच फळीवर, सारख्याच बाटलीत ठेवतात म्हणून ते सारखे होत नाहीत.

आता तुझी खरी अडचण, वेळ. सकाळी आठला घर सोडतेस, सातला परततेस. मी तुला रगड्यावर बसायला सांगणार नाही. रगड्याबद्दल हल्ली लोक फार हळवं लिहितात. आईचे खांदे म्हातारपणी रात्र-रात्र दुखायचे, ते मी जवळून पाहिलं आहे. घरात मिक्सर आला त्या दिवशी तिने रगडा परसात नेऊन ठेवला आणि परत आत आणू दिला नाही. पाटा-वरवंट्याची चव वेगळी लागते हे खरं, भरडपणाने आणि कमी तापण्याने लागतेच; पण त्या चवीची किंमत कोणाच्या अंगावर पडत होती ते न बोलता चवीचं कौतुक करायचं, हे मला मान्य नाही. विकतची पेस्ट घेणाऱ्या बायकांना आळशी म्हणणाऱ्यांनी आधी आदोळीवर बसून एक नारळ खवून दाखवावा.

म्हणून माझं म्हणणं असं. सुक्या मसाल्याचं काम एकदाच कर. धने, खसखस, बादयान, मिरी, लवंग, दालचिनी वेगवेगळं भाजून, थंड करून, कोरड्या बरणीत. किंवा तेही तयारच घे. इथे बागायतदार संस्थेच्या दुकानात आणि बचत गटांच्या बायकांकडे चांगलं मिळतं, मी पाठवीन. नारळ रविवारी खव. तू नाही, तुझ्या नवऱ्याने, निखिलने. त्याला आदोळी नको वाटली तर हाताने फिरवायचं यंत्र मिळतं. खवलेला नारळ एका रश्शाला लागेल एवढा एकेका पिशवीत चपटा करून फ्रीजरमध्ये टाक, महिनाभर उत्तम राहतो. शाकुतीच्या दिवशी एक पिशवी थेट कढईत, कांदा आणि मसाला शेवटी, आणि मिक्सर. आठवड्याच्या मधल्या रात्रीसुद्धा जमेल. दमलेली असशील त्या दिवशी पास्ता, बाटलीतला, शांत मनाने.

या वाटणीत तुझ्या हातात काय राहतं ते बघ: नारळ भाजणं, एवढंच. तेच मी तुला सोडू देणार नाही. कारण ते कुठल्याच लेबलवर लिहिता येत नाही आणि ओजसला ते फक्त ओट्याशी उभं राहून, वास घेऊन शिकता येईल. पुढे तो केरळात राहो की कॅनडात, सुका मसाला त्याला कुठेही पाठवता येईल.

मिरचीबद्दल. हरमलच्या मिरचीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे तू वाचलं असशील. नाव सुरक्षित झालं हे चांगलंच, पण मोपाचा विमानतळ आणि किनाऱ्यावरची बांधकामं यांनी पेडण्यातल्या जमिनीला जो भाव आला आहे, त्यापुढे भात कापल्यावर त्याच मळ्यात मिरची लावून, पाणी घालून, उन्हात वाळवणारी माणसं किती टिकतील याची मला काळजी वाटते. मिरची नसेल तर मानांकन कशाला लावायचं? म्हणून मी दरवर्षी ओळखीच्या बाईकडूनच घेते आणि घासाघीस करत नाही. तूही करू नकोस. तुझी आठवण झाली की तिच्याकडून अर्धा किलो जास्त घेते.

येत्या बुधवारी इथल्या बाजारात जाऊन तुझं पार्सल बांधते. मिरची, सोलं, सुका मसाला, रेशादची एक बाटली आणि तिरफळं. तिरफळांमधली काळी बी काढून फेक, फक्त साल वापर, आणि बांगड्याच्या हुमणात शेवटच्या उकळीला, थोडीशी ठेचून घाल. वाटणात वाटू नकोस, कडू होतं. कुंडलं पार्सलमध्ये फुटेल, ते गणपतीला येशील तेव्हा हातात घेऊन जा. सोलं अर्धा किलो पुरतील की एक किलो लागतील ते मंगळवारच्या आत कळव.

तुझी,
मावशी