डिकीत ठेवलेलं इंजेक्शन

सांवेर रोडवरच्या एका औषध कारखान्यात मी नोकरी करते. थंड साठ्याचं तापमान रोज नोंदवायचं, २ ते ८ अंशांच्या बाहेर गेलेला माल बाजूला काढायचा, हे माझंच काम. तरी आयव्हीएफच्या पहिल्या खेपेला, सकाळी तपासणी करून कामावर येताना घेतलेलं हार्मोनचं पेन मी मे महिन्यात दिवसभर स्कूटरच्या डिकीत ठेवलं. ऑफिसच्या फ्रिजमध्ये दिसलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, एवढ्याच भीतीने. संध्याकाळी बर्फाच्या पिशवीचं कोमट पाणी झालेलं. पेन टाकून द्यावं लागलं, साठवलेल्या पैशांतले काही हजार गेले.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी हर्षा जन्मली ती १९८६ साली. इतकी वर्षं झाली, तरी मी सासूबाईंपासूनही हे लपवत होते.

पाळीच्या दुसऱ्या दिवशी इंजेक्शनं सुरू झाली. एरवी महिन्याला बहुधा एकच बीज पिकतं. इथे एकदम अनेक वाढवायची असतात. दहा-बारा दिवस रोज पोटावर सुई, बीज वेळेआधी सुटू नये म्हणून मध्यापासून आणखी एक, आणि दोन-तीन दिवसांआड सोनोग्राफी. पडद्यावर अकरा फॉलिकल दिसले आणि मी मनात अकरा बीजं धरली. निघाली सात, त्यांत पक्व पाच. फॉलिकल म्हणजे पाण्याची पिशवी, प्रत्येकीतून बीज मिळतंच असं नाही. मी विचारलंच नव्हतं, म्हणून त्या दिवशी फार रडले.

सगळ्यात मोठी चूक ट्रिगरच्या रात्री झाली. फॉलिकल १८ मिलिमीटरच्या आसपास पोचले की हे शेवटचं इंजेक्शन देतात आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी बीजं काढतात. मला दहाची वेळ दिली होती. घरात पाहुणे बसलेले, मी उठू शकले नाही. घेतलं तेव्हा दहा पन्नास झाले होते. नवऱ्याला म्हटलं, कुणाला सांगू नका. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी सिस्टरला फोन करून खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, म्हणाल्या, "बरं झालं बोललात," आणि बीज काढायची वेळ तेवढी पुढे सरकवली.

त्यानंतर पोट फुगलं, दोन दिवसांत वजन दोन किलो वाढलं, लघवी कमी झाली. मी गॅस समजून ओवा खात राहिले. सलवारीची नाडी सैल करताना सासूबाईंनी पाहिलं आणि मला सगळं सांगावं लागलं. "आधी दवाखान्यात चल," एवढंच त्या म्हणाल्या. औषधांना अंडाशयाने जास्त प्रतिसाद दिला होता. अशा वेळी, आणि धाप लागली तर तत्काळ, डॉक्टरांना गाठायला हवं. माझे भ्रूण गोठवून ठेवले; पुढे ते रुजले नाहीत.

दुसऱ्या खेपेला पेन ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवलं, डब्यावर माझं नाव लिहून. सोबतच्या मुलीने आपणहून आत थर्मामीटर ठेवला. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, "ताई, चार अंश आहे."