नवी मदर, जुनी ओळख

‘मॅडम, क्रॅक मारून देतो ना. पाचशे रुपये. दहा मिनिटांत काम!’

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातला पोरगा अगदी मायेनं बोलला. खोटं कशाला बोलू, दोन सेकंद मी विरघळलेच. नवा मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम असं बिल झाल्यावर पर्समध्ये उरलं होतं ते फक्त ट्रेनचं तिकीट!

झालं असं, की 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सिक्युरिटीची सोय लागते आणि माझ्या म्हाताऱ्या बोर्डावर ती नव्हती. म्हणजे बोर्ड बदलणं आलंच.

तोवर पीसीत मी बरंच काही बदललं होतं. रॅम वाढवली, ग्राफिक्स कार्ड टाकलं, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. विंडोजनं हूं की चूं केलं नाही. पण मदरबोर्डची गोष्ट वेगळी. विंडोज 10 पासून डिजिटल लायसन्स प्रामुख्यानं त्यालाच चिकटलेलं असतं. बाकी सगळे दागिने, आई मात्र एकच! ती बदलली, की विंडोज विचारतं, ‘आपण कोण?’

ही चौकशी 2001 च्या एक्सपीपासूनची. तेव्हा मशीनच्या दहा गोष्टींची नोंद व्हायची. त्यातल्या फार बदलल्या, की फोन लावून लांबलचक आकडा वाचून दाखवा!

तर, क्रॅक. पाचशे रुपयांत मिळतो, पण तो चालवायला आधी अँटीव्हायरस बंद करा म्हणतात. म्हणजे वॉचमनला सुट्टी देऊन अनोळखी माणसाला घराची किल्ली द्यायची. माझं नेटबँकिंग गेलं तर माझं गेलं. पण ‘नाव छापू नका हं’ म्हणत ज्यांनी विश्वासानं मन मोकळं केलं, त्यांची रेकॉर्डिंग्जही याच पीसीत आहेत. ती पणाला लावायचा हक्क मला कुणी दिला?

पोराच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. म्हटलं, ‘थांब, आधी एकदा चालू कर!’

जुनं मशीन त्याच्याच मॉनिटरला जोडलं, मोबाइलवरून नेट घेतलं. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन उघडून मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन केलं. लायसन्स अकाउंटला जोडलं गेल्याचं वाक्य दिसलं आणि मगच म्हटलं, ‘आता खोल.’

घरी नव्या बोर्डावर जुनी एसएसडी लावली. अपेक्षेप्रमाणे ‘नॉट अ‍ॅक्टिव्हेटेड’! ट्रबलशूटर उघडला, ‘नुकतंच हार्डवेअर बदललं’ हा पर्याय निवडला, यादीतून माझा पीसी ओळखून दाखवला. झालं! त्याच रात्री विंडोज 11 पण टाकलं.

एक मात्र बघून ठेवा. हे जमलं, कारण माझं लायसन्स रिटेल होतं. पीसीसोबत आलेलं ओईएम लायसन्स सहसा जुन्या बोर्डाबरोबरच जातं. तेव्हा खरेदीला निघण्याआधी आपलं कुठलं ते तपासा. नवं घ्यायचं असेल, तर तो खर्च आधीच बजेटमध्ये धरा.

नाहीतर ऐन वेळी पर्स रिकामी असते आणि समोरचा पोरगा फारच मायेनं बोलतो!