कथलाची नावं

आमटी कळकली, असं आता घरात फारसं कुणी म्हणत नाही. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात चिंच-गुळाची आमटी राहिली, की तिला मळमळ आणणारी हिरवट चव यायची. ते कळकणं. स्टेनलेस स्टीलची भांडी आली, ते क्रियापद गेलं आणि त्याच्या पाठोपाठ एका धातूचं नावही बोलण्यातून निसटलं. कथील.

कल्हईवाला अंगणात खड्डा करून भाता लावायचा. पातेलं सांडशीत धरून चांगलं तापवलं, की त्यात नवसागराची चिमूट. पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, नाकात झणझणायचं. मग कथलाची कांडी तापल्या पितळेला नुसती टेकवायची. हा धातू २३२ अंश सेल्सिअसलाच वितळतो. टेकताच त्याचा थेंब व्हायचा आणि कापसाचा बोळा फिरला, की पिवळं पातेलं आतून चांदीसारखं लख्ख. मला ह्या कामात सगळ्यात सुंदर वाटतो तो बोळ्याचा हात. क्षणभर रेंगाळला तर थर जाड बसतो, घाई झाली तर पितळ उघडं राहतं.

ह्या धातूचं जुनं वैदिक नाव त्रपु. रुद्राभिषेकात ‘चमक’ नावाचे मंत्र म्हणताना सोनं, लोखंड, शिसं ह्यांच्या बरोबरीनं त्रपुही मागितलं जातं. वैद्यांनी त्याला वंग म्हटलं. वंगभस्म अजून मिळतं. कथील मात्र आलं ते संस्कृत कस्तीरावरून. गुजरातीत ते कथीर झालं. ग्रीकांचा शब्द कस्सितेरोस, अरबांचा कसदीर. एकाच घरातली भावंडं वाटावीत इतकी ही नावं सारखी आहेत. होमरच्या ‘इलियड’मध्ये अकिलीसच्या पायांवरचं चिलखत कथलाचं आहे. हिरोडोटसनं कथलाच्या बेटांबद्दल ऐकलं होतं, पण ती आपल्याला ठाऊक नाहीत, असं त्यानं मोकळेपणानं लिहून ठेवलं. कथील मोजक्याच ठिकाणी सापडतं आणि तांब्यात मिसळून कासं करायला तर ते सगळ्यांनाच हवं असायचं. तेव्हा मालाबरोबर नावही बंदरोबंदर हिंडलं असणार.

कल्हई शब्दाचा प्रवासही समुद्रावरचाच. अरबीत ‘कलई’ म्हणजे कथील. अरब भूगोलकारांनी कथलाच्या खाणींजवळच्या कलाह नावाच्या बंदराचं वर्णन केलं आहे. ते मलाया द्वीपकल्पात, बहुधा आजच्या केदाहच्या आसपास असावं. पोर्तुगीजांनी ह्याच शब्दाचं ‘कलाईं’ केलं, आणि त्यांच्या गोव्यात बाजारात चालणारं बझारुक हे हलकं नाणं ह्या धातूचंही पाडलं जाई. आपल्याकडे कल्हई हे धातूचं नाव राहिलं नाही, कामाचं झालं.

आता कथलाचं इंग्रजी नाव, टिन. विदर्भ-मराठवाड्यात वादळ झालं, की ‘घरावरची टिनं उडाली’ अशी बातमी येते. त्या पत्र्यांत टिन नसतं. ते लोखंडाचे असतात आणि वर मुलामा जस्ताचा. खरं कथील आज सगळ्यात जास्त लागतं सोल्डरिंगला. तुमच्या खिशातल्या मोबाइलमधले बारीक सांधे त्याचेच आहेत. खाद्यपदार्थांच्या डब्यांवरचा पातळ थरही त्याचाच. इतकं जवळ असूनही त्याला नावानं कुणी ओळखत नाही, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. शाळेच्या पुस्तकात ५० अणुक्रमांकापुढे ‘कथील’ छापलेलं असतं, तेही परीक्षेपुरतंच.

माळ्यावर एखादं पितळी पातेलं पडलं असेल, तर खाली काढा आणि गावात कल्हईवाला आहे तोवर त्याच्याकडे न्या. कांडी शुद्ध कथलाचीच आहे ना, त्यात शिसं मिसळलेलं नाही ना, हे आधी विचारा. शिसं विषारी असतं.