फोल्डर कुणी उघडला, याची वही आहे का?

आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटची कागदपत्रं गुगल ड्राइव्हवर आहेत. आधार, पॅन, फ्लॅटचे करारनामे, सगळं एकाच फोल्डरमध्ये, आणि त्याची लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना एका एजंटचा फोन आला. त्याला त्यांचा कार्पेट एरिया तोंडपाठ होता! काकूंनी मीटिंगमध्ये साधा प्रश्न विचारला, "माझे कागद कुणी कुणी बघितले?"

उत्तर कुणाकडेच नव्हतं. एजंटला माहिती फोल्डरमधूनच मिळाली असं मी म्हणत नाही. पण मिळाली नाही, हेही कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नाही. खरी अडचण हीच आहे.

गंमत बघा. गेटवर कुरियरवाल्याचंही नाव, नंबर, वेळ रजिस्टरमध्ये लिहून घेतो आपण. आणि शंभर जणांचे आधार ठेवलेल्या खोलीला दारच नाही.

ड्राइव्हच्या फुकट खात्यात 'ॲक्टिव्हिटी' बघितली तर फाइल कुणी टाकली, बदलली, हलवली, शेअर केली ते दिसतं. पण कुणी नुसती वाचली किंवा डाउनलोड केली, ते दिसत नाही. संस्थेचं पैसे भरून घेतलेलं वर्कस्पेस खातं आणि योग्य प्लॅन असेल, तर अ‍ॅडमिनला ही नोंद मिळते, तीही सहा महिन्यांपर्यंतच. मायक्रोसॉफ्ट ३६५ चं साधं ऑडिटही १८० दिवसांचंच. आणि लिंक सगळ्यांना खुली असेल, तर लॉगिन न करता आलेल्याचं नाव तिथंही मिळत नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे २०२५ चे नियम अशा नोंदी वर्षभर ठेवायला सांगतात. ते टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. पण त्यासाठी थांबायचं कशाला?

कमिटीतली माणसं नोकरी सांभाळून फुकट राबतात, त्यांच्यावर खेकसून काही होणार नाही. तीन कामं करा. खुली लिंक बंद करून ईमेलनुसार परवानगी द्या. आधार-पॅन वेगळ्या फोल्डरमध्ये, दोघा-तिघांपुरतेच ठेवा. आणि दर महिन्याला कुणाकुणाला परवानगी आहे ती यादी मीटिंगमध्ये वाचून दाखवा, हिशेब वाचतो तशी. घर विकून गेलेले, जुने आर्किटेक्ट, सोडून गेलेले मॅनेजर, सगळे त्यात सापडतील.

तुमच्या सोसायटीची, शाळेची, मंडळाची लिंक कुणाकुणाकडे आहे? आज विचाराच.